वखराची पास

कुटारात हात घातला तर काहीतरी गोल लागलं.
वाटलं, गंज असेल, पाणी प्यायचा.
गंजच होता, पण दुसरा.
फुंकर मारली तर खालून हेडलाइट,
एका डोळ्यानं माझ्याकडं बघणारा.

जनकाबाईच्या कोठ्यात, पराट्यांच्या मागं,
तेवीस वर्षं एका कुशीवर निजलेली राजदूत.
एअर फिल्टरात उंदरीण बाळंत होऊन गेलेली,
टाकीत पेट्रोल नाही, नुसता पिवळा वास.
"ने बाप्पा," ती म्हणाली, "तेवढ्या जागेत दोन बकऱ्या मावतीन."
पैसे नको म्हणाली.
कोठ्याला लोखंडी दार करून मागितलं, आतून कडीवालं.

दिवसा मी ट्रॉल्यांचे फाळके जोडतो, फाटकं करतो,
हिच्यासाठी रात्र.
वकील मिस्त्री दारव्ह्याहून यायचा.
नाव वकील, पण दिवसाला चार शब्द.
पिस्टन सिलिंडरात असा बसलेला की
आठ दिवस डिझेल पाजलं तरी हूं की चूं नाही.
नवव्या दिवशी मिस्त्रीनं लाकडाच्या ठोकळ्यावर
एकच हातोडा घातला.
टक्.
"सुटली," म्हणाला. त्या दिवसाचा पहिला शब्द.

मग मी तिला लांब केली.
पुढचा काटा वीतभर पुढं,
बोअरच्या पाइपाचं हँडल, रुंद, बैलाच्या शिंगासारखं,
मागं भंगारातलं बुलेटचं चाक.
सीट इतकी खाली आणली की
बसलेल्या माणसाला रस्ता मांडीला लागेल,
आणि पायदानं इतकी पुढं
की चालवणारा खाटेवर टेकून गावच्या गोष्टी सांगतोय असं वाटावं.

"काय करून रायला बे?"
"क्रूझर."
"अरे वा! किती शिटा? आर्णीले लावशील का?"
"एकच शीट."
"एक?
मंग काय कामाची?"

डाव्या अंगाला चेसिसवर एक पट्टी होती,
कोणीतरी वेडीवाकडी जोडलेली,
वखराची जुनी पास, तिरपी कापून.
टाका पाहूनच मला हसू आलं.
असा टाका मी शिकत असतानाही मारला नसता.
ग्राइंडर लावला. ठिणग्या उडाल्या.
पट्टी पत्र्याच्या ढिगात जाऊन पडली.

दाराची कडी अडते म्हणून जनकाबाई आली दुकानी.
गाडीभोवती एक फेरी मारली, पदर सावरत.
डाव्या बाजूला थांबली.
"अथी पास होती."
कापली, म्हटलं.
"हं."
मग बराच वेळ काही नाही, नुसती भट्टीची घरघर.
"यायनं सोताच जोडली होती. देवमन पट्टीबंधकानं.
रातबेरात गाय अडली की बलावणं ये.
मी मांगं बसो, कंदील घेऊन.
पाय लोंबकळे माहा, चाकात जाईन म्हून हे भेत.
गाईचा पान्हा, वासराचे पाय, सारं जमे त्यायले,
वेल्डिंग काई जमे ना."

ती गेल्यावर मी तो ढीग उपसला.
पास सापडली. एक कोपरा ग्राइंडरनं खाल्लेला.
परत तिथंच जोडावी तर आता सीट एकच,
पाऊल ठेवणार कोण?
रात्रभर हातात घेऊन बसलो,
घासावी म्हणून घासली नाही,
त्यांचा तो ओबडधोबड टाका तिच्या कडेला तसाच ठेवला.

साइड स्टँडच्या बुडाला जोडली ती.
आमच्याकडं काळी माती.
उभी केलेली गाडी बोलता बोलता कलते,
स्टँड रुततं आणि माणूस चहा टाकून धावतो.
ही कलत नाही.
वावराच्या धुऱ्यावर, जत्रेत, पंचायतीसमोरच्या चिखलात,
पास जमिनीवर चपटी पडते
आणि लांबलचक गाडी तिच्यावर रेलून उभी राहते.

परवा दुकानासमोर उभी होती.
जनकाबाईनं इकडंतिकडं पाहिलं,
चप्पल काढली,
आणि वाकून हँडलला धरत
डावं पाऊल त्या पासेवर ठेवून पाहिलं.

"लहान झाली," म्हणाली.

पास की पाऊल,
मी विचारलं नाही.
वकील मिस्त्रीनंही नाही,
पण त्याचं तर सोडाच.